पार्किंगमधली पंधरा मेंढरं

लवळ्याच्या अंबाबाईला एकदा हसू फुटलं की आवरत नाही. मयताच्या घरी जाताना सून तिला बजावूनच नेते, "आत्याबाई, मागं बसा आन् पदर तोंडात धरा."

जन्म सगळा मेंढरांमागं गेला. शाळा दीड वर्षाची. सही येते, पण सावकाश, जणू रांगोळी काढतेय. आता गुडघे कुरकुरतात. म्हणून पावसाळ्यात मुलगा बिरदेव आणि सून मेंढरं घेऊन फलटणच्या अंगाला उतरतात, आणि अंबाबाई चार शेळ्या नि नात राजनंदिनी यांना सांभाळत लवळ्यात राहते. कोण कुणाला सांभाळतं, ते विचारू नये.

यंदा राजनंदिनी बारावी झाली. आणि डोंगरावरच्या एका कॉलेजानं, काय मनात आलं देव जाणे, एक जागा बिनपैशाची काढली. मेंढरं राखणाऱ्या घरच्या लेकरासाठी. बारावी पास असलं की झालं, बाकी समोर बसवून विचारतील त्याची उत्तरं द्यायची. पोरीनं अर्ज भरला आणि आजीला म्हणाली, "ही मिळाली न्हाई तर मी बी फलटणला." मेंढरांमागं जाण्यात वाईट काही नाही, अंबाबाईनं साठ वर्षं तेच केलं. पण पोरीचं मन तिथं नव्हतं, आणि आजीला ते दिसत होतं.

तिकडं भूगावात नरहरी. बापाची रानं बिल्डरला गेली तसा नरहरीचा नरहरीशेठ झाला. मुलगा साहिल स्वभावानं गुणी, पण मार्कं अशी की पैसे घेऊन दारात उभं राहिलं तरी ते कॉलेज आत घेईना. ह्या एका जागेला मात्र मार्कांची अट नव्हती. शेठनं विचार केला, मेंढपाळ व्हायला असं लागतं काय? मेंढरं. मग पंधरा मेंढरं टेम्पोतून आणली आणि बंगल्याच्या पार्किंगमध्ये बांधली. मेंढपाळ असल्याचा दाखलाही निघाला. कुठून निघाला, ते शेठ जाणे आणि देणारा जाणे.

पण दाखल्याला भूक लागत नाही, मेंढरांना लागते. दोन दिवसांत लॉन संपलं. मग शेठाणीच्या कुंड्या संपल्या. एक कोकरू लिफ्टमध्ये शिरलं ते चौथ्या मजल्यावर निघालं आणि देवघरासमोर लेंड्या टाकून आलं. तिसऱ्या दिवशी सगळी मेंढरं मलूल झाली, तेव्हा शेठची गाडी लवळ्यात अंबाबाईच्या दारात आली.

"अंबाबाई, जरा चला. मेंढरं पाणी पीत न्हाईत."

"कुणाची मेंढरं?"

"माझीच की."

शेठनं सगळं सांगितलं, अगदी छाती काढून. अंबाबाई म्हणाली, "शेठ, त्या जागेला माझी नात बी हाय."

"असू द्या की. लोकशाही हाय."

अंबाबाईला तिथंच हसू फुटलं. पण जनावर पाणी पीत नाही म्हटल्यावर तिचे पाय घरात ठरेनात. गेली. बघते तर गुळगुळीत फरशीवर मेंढरं पाय फाकून उभी, आणि समोर टबात फिनेलचा वास मारणारं पाणी. तिनं सगळी सोडून शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर नेली, टब घासून घेतला, मिठाचा खडा चाटवला. संध्याकाळपर्यंत मेंढरं तरतरीत.

शेठ खूश. "आता पोराला बी जरा शिकवा. आठ दिवस."

घरी राजनंदिनी फुगून बसली. "आजी, तू माझी आजी हायेस का त्याची?"

"मेंढरांची," अंबाबाई म्हणाली. "आठ दिवसांत त्याला काय येतंय? निदान जनावरं तरी जगतील."

पण साहिल भलताच निघाला. बारा वर्षं शाळेत जे डोकं बंद होतं ते मेंढरांपुढं उघडलं. दात बघून वय सांगू लागला, खुरं तासू लागला, ओठ मुडपून शीळ घातली की पंधराच्या पंधरा मागं. पाचव्या दिवशी अंबाबाईच्या ध्यानात आलं. आपणच शिकवलं, आणि आपल्याच पोरीची जागा हा घेऊन जाणार.

मुलाखतीला अर्जदार दोनच. एका हॉलात सगळ्यांना बसवलं, घरचं एक माणूस सोबत. टेबलामागं कॉलेजच्या साधना मॅडम आणि एक म्हातारे सर. आधी साहिल. मॅडमनी विचारलं त्याचं धडाधड सांगितलं पोरानं. इकडं राजनंदिनी आजीकडं बघत होती आणि आजी जमिनीकडं.

शेवटी म्हातारे सर बोलले. "बरं, सध्या तुमचा वाडा कुठं आहे?"

आता धनगराचा वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, बिऱ्हाडं, सगळं मिळून चालतं गाव. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या. साहिलला हे ठाऊक झालं होतं, त्यानं तोंडही उघडलं होतं. पण शेठनं त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि स्वतः उभा राहिला. शेठच्या आयुष्यात पहिल्यांदा उत्तर येणारा प्रश्न परीक्षेत आला होता.

"हे मी सांगतो. वाडा भूगावला, मेन रोडला. चार मजली."

"चार मजली," सर म्हणाले.

"पाचव्याची परवानगी येतीय."

"आणि मेंढरं?"

"खाली पार्किंगला. एक गेलं हुतं लिफ्टनं वर, पण आता कार्ड बसवलंय."

"पप्पा, बसा," साहिल म्हणाला.

अंबाबाईनं पदर तोंडात कोंबला तरी उपयोग झाला नाही. नातीनं चिमटा काढला, तर ती नातच हसायला लागली. साधना मॅडमनी फाइल तोंडासमोर धरली. फाइल हलत होती.

मग राजनंदिनीची पाळी. तोच प्रश्न.

"काल फलटणच्या पल्याड हुता, सर. आज हलणार हुता. इचारू का?"

सर म्हणाले, विचार. तिनं फोन लावून टेबलावर ठेवला, आणि हॉलभर बें बें, कुत्री, घोड्याचं खिंकाळणं, त्यातून तिच्या बापाचा, बिरदेवचा आवाज. "राजे, आत्ता नगं. वाडा हलतुया. परीक्षा झाली का?"

"चालू हाय, दादा."

"मग मला फोन कशाला? उत्तर दे की."

शेठचा दाखला सरांनी तिथंच बाजूला काढून ठेवला.

चार दिवसांनी कॉलेजच्या गेटवर काचेमागं कागद लागला. अंबाबाईला एवढं वाचता येईना. राजनंदिनीनं आजीचं बोट धरून आपल्या नावावर ठेवलं आणि स्वतः बाजूच्या पायरीवर जाऊन ढसाढसा रडत बसली. अंबाबाईनं बोट काही उचललं नाही. मागं माणसं येऊन थांबली. त्यांत साहिलही होता, बापानं पाठवलेला.

"आजी, बोट काढा ना. मला माझं बघायचंय."

"तुझं न्हाई रे बाबा हितं," अंबाबाई म्हणाली. "हे एकच हाय."