नागपूर ते हैदराबाद, विमानाने

नागपूरहून हैदराबादला जाणारं विमान आमच्या कोलामपोडावरून जायचं. एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. झरीकडच्या जंगलातली ती वीस-पंचवीस कोलाम घरांची वस्ती. तिथल्या शाळेत मी एकटाच मास्तर, वय तेवीस. शाळा म्हणजे कुडाच्या भिंती आणि एक फळा.

एकदा शिक्षण खात्याचे डिप्टी साहेब जीपने तपासणीला आले. चौथीच्या पोरांना त्यांनी प्रश्न घातला, "नागपूरच्या विमानतळापासून हैदराबादचं विमानतळ किती मैल? विमानाला वेळ किती लागतो?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग एक मुलगी उभी राहिली. चौथीपर्यंत टिकलेली पोडावरची पहिली मुलगी. म्हणाली, "मैल नाही मालूम, साहेब. पण इमान ह्या पहाडावरून निघते अन् त्या पहाडामागं जाते, तवरक झऱ्यावर माही अर्धी घागर भरते."

कुणी न शिकवता तिनं वेळ मोजला होता! साहेब मात्र पोट धरून हसले. "घागरीनं विमान मोजता काय रे तुम्ही?" मुलगी मान खाली घालून बसली. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं : मुलांचे सामान्यज्ञान शून्य. शिक्षक बेफिकीर.

माझं डोकं भणाणलं. "साहेब, इथून पांढरकवड्याच्या दवाखान्यात जायले किती वेळ लागते, हे मालूम हाय तुमाले?"

"जीपनं दोन तास."

"जीप तुमची हाय. आमी पायी जातो, पहाटे निघून दिवस बुडता पोचतो. नाला भरला का चार-चार दिवस जाताच येत नाही. ह्या भादव्यात हिच्या मायले ताप चढला. बाजेवर टाकून नेलं, तं नाल्याच्या काठालेच मेली ते. लिहा हे शेरेबुकात!"

"मास्तर, आधी शुद्ध बोलायला शिका," साहेब म्हणाले.

मी शेरेबुक ओढलं, त्यांच्या शेऱ्याखाली सगळं लिहिलं, शुद्ध भाषेत, आणि सही ठोकली. ते तडक जीपमध्ये जाऊन बसले.

महिन्याभरात माझी बदली झाली, तीही माझ्या गावाजवळ, घाटंजीला. घरचे म्हणाले, बरं झालं. पण पोडावर दुसरा मास्तर कुणी धाडलाच नाही. कुडाला वाळवी लागली.

पुढच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम तिकडे गेलो. ती मुलगी रानात मोहफुलं वेचत होती. मला पाहून उभी राहिली.

"गुरुजी, तुमी भांडले काहून? चूप राह्यले असते तं शाळा राह्यली असती."

साहेबांना शिव्या द्यायला म्हणून तोंड उघडलं, पण तिच्यासमोर त्या गिळून टाकल्या. ती पुन्हा वाकून फुलं वेचू लागली. साहेबांवरचा राग आजही तसाच आहे. माझ्यावरचा त्याहून जास्त.