ऋताने सांगितलेला पिक्चर

सुचित्राला इंग्रजी येत नाही असं कुणी म्हणायचं नाही. चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत ती दिवसभर त्याच भाषेत भांडते. पण त्या रविवारचा पिक्चर विलायतेतल्या कुठल्या कोपऱ्यातला होता देव जाणे! एक शब्द कळेल तर शपथ. खाली अक्षरं उमटायची, तीही चिनी.

पिक्चर सुचवला लेकीच्या शाळेतल्या बाईंनी. अशाच बिथरलेल्या मुलीचा आहे, दोघी मिळून बघा, म्हणाल्या. लेक ऋता, सोळा वर्षांची. शाळेला म्हणून निघायची आणि पासिर रिसच्या किनाऱ्यावर जाऊन बसायची. का, ते काही केल्या सांगेना. तिचा बाप दिलीप जहाजावर. त्याने तिकडून फोनवर निकाल लावून टाकला: बोलत नसेल तर पुण्याला धाडू, राधिकाआत्याकडे. तिकीट त्याच संध्याकाळी काढायचं ठरलेलं.

पडद्यावरच्या पोरीने दार आपटलं आणि आईवर खेकसली.

“काय म्हणाली गं?” सुचित्राने हळूच विचारलं.

“आई, प्लीज लाह. इट्स इंग्लिश.” ऋता इथल्या पोरांच्या बोलीत फिसकारली.

“हे कसलं इंग्लिश? तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं. सांग की.”

पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला, तशी ऋता मराठीत शिरली. “ती म्हणते, तू वेडी आहेस. अजून पण म्हणते, पण ते मला मराठीत येत नाही.”

“नकोच येऊ दे.”

ऋताचं मराठी स्वयंपाकघरापुरतं. तरी पोर अडखळत सांगत राहिली. किती महिन्यांनी एवढं बोलत होती!

“आता काय म्हणते?”

“मैत्रिणींनी तिला ग्रुपमधून काढलं. मग ती टॉयलेटमध्ये बसून डबा खाते.”

सुचित्राने पडद्याकडे पाहिलं. ती विलायती पोरगी एकटीच सायकल हाणत होती. तोंड घट्ट मिटलेलं. डबा कुठे दिसेना.

सुचित्रा लेकीकडे वळणार होती. पण मान वळवली असती तर पोर पुन्हा गप्प झाली असती. तिने नजर समोरच ठेवली.

“डब्यात काय असतं तिच्या?”

“थालीपीठ. सगळे नाक धरतात.”

“मग आईला का नाही सांगत?”

“आई म्हणेल, लक्ष देऊ नकोस, अभ्यास कर.”

अगदी हेच म्हणाली असती सुचित्रा. ती ओशाळली. “नाही म्हणणार,” ती म्हणाली.

“आणि आत्याकडे पाठवेल.”

“नाही पाठवणार. मी सांगते ना तुला.”

ऋताने नाक ओढलं. पुढे पिक्चरमध्ये काय झालं ते दोघींनाही धड सांगता येणार नाही.

एमआरटीच्या फलाटावर दिलीपचा फोन आला. “तिकीट काढू ना?”

“नको. मी उद्या रजा घेतेय, शाळेत जाऊन बसते.”

“म्हणजे बोलली? काय म्हणाली?”

“ते तिला विचारून सांगते. तुला सांग म्हणाली तर.”

“अगं पण...” दिलीप म्हणतच राहिला. गाडी आली, तशा मायलेकी आत शिरल्या.