नऊ वाकळी

जुन्या लुगड्यांच्या वाकळी उन्हात टाकल्या की त्यांचा उबट वास सुटतो आणि मला औशातली आमची पत्र्याची शेड आठवते. नातीला तिथं दोन मैत्रिणींबरोबर स्वतःची नवी गाणी रेकॉर्ड करायची होती. त्याला पंक म्हणतात म्हणे. ड्रम बडवायचा आणि ओरडायचं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सोयाबीन भरायचं होतं, म्हणून हातात तेवढाच दिवस होता. पण पत्र्यामुळं आवाज घुमायचा, एक शब्द कळत नव्हता. नात रडकुंडीला आली. मी घरातल्या नऊच्या नऊ वाकळी काढल्या आणि आतून सुतळीनं टांगल्या. घुमणं थांबलं. तेवढ्यात धाकटे दीर आले. “वैनी, पोरगी वरडायलीय. लोक हसायलेत. बंद करा.” मी दारातच बसकण मारली. “भावजी, एकादशीला भजनात तुमी बेसूर वरडता, तवा म्या कधी थांबवलं का? जावा घरला.” ते गेले. दिवस मावळायच्या आत गाणी झाली आणि पुढं मोबाइलवर आली. मला ती तेव्हा आवडली नाहीत, आजही आवडत नाहीत. पण शब्द न् शब्द कळतो.