पंचशीलचा भेकड मॅनेजर

दुलीचंद कशालेही भ्याचा. पालीले, कुत्र्याले, ढगाच्या गडगडाटाले. छोट्या लाइनीच्या रेल्वेगाडीनं अचानक शिट्टी मारली का त्याच्या हातातला चहा धोतरावर सांडाचा. आन् हा मानूस नोकरीले कुठं, तं जंगल खात्याच्या लाकडाच्या डेपोत चौकीदार. मी म्हनाची, "भाऊ, तुले राखाले अजून एक चौकीदार ठेवा म्हन साहेबाले." हासाचा बिचारा. रागावनं त्याले जमतच नव्हतं.

असा हा मानूस आमच्या पंचशील क्लबचा मॅनेजर. छप्पन साली आमच्या वार्डानं दीक्षा घेतली, त्याच्या दुसऱ्याच साली पोट्ट्यायनं क्लब काढला, आन् मॅनेजर व्हाले कोनीच तयार होईना. काहून होईन? मॅनेजर म्हंजे अकरा मानसं निवडाचे आन् अख्ख्या वार्डाच्या शिव्या खाच्या. दुलीचंदले नाई म्हनाचंही भेव, म्हनून तो झाला. पन एक सांगते, निवडनारा पक्का होता. कोनाच्या बापाचं ऐकाचा नाई. थरथर कापत कापत ज्याले काढाचं त्याले काढाचा.

माही चहाची हाटेल मैदानाच्या कोपऱ्याले. नवरा गेल्यावर मीच चालवत होती. दोन बाकडे, एक भट्टी, वर टिन. सकाळ-संध्याकाळ तिथं फुटबॉलशिवाय दुसरी गोष्ट नाई. एक म्हने, "टिकारामले गोलकीपरीतून काढा, वरचा बॉल त्याले दिसतच नाई." दुसरा म्हने, "काढून उभा कोनाले करतं, तुह्या सासऱ्याले?" तिसरा म्हने, "लामता गावचा तो लंबू आना ना." त्यावर लगेच कोनी तरी, "लंबू पळते बैलावानी, पन थांबाचं कुठं ते बैलाले तरी समजते." चहा थंडा होऊन जाचा, मानसं गरम होत जाचे. मी मंधात ओरडाची, "कप फोडसान तं बाकड्यावर बसू देनार नाई."

जास्त भांडन व्हाचं ते खदानीपाई. मँगनीजच्या खदानीची स्वतःची टीम होती. कोनाचा पाय चांगला दिसला का ते त्याले नोकरी देत, आन् मग तो त्याइचा. आमचा खेमराज असाच गेला, तवापासून आपली लेफ्ट साइड ओसाड पडली म्हनून लोक वर्सभर रडत होते. त्याले गद्दार म्हनाचे. मनातून मात्र सबके सब जळाचे, पक्की नोकरी कोनाले नको?

या सगळ्या बोलनाऱ्यायचा राजा होता डोमाजी शिंपी. यानं जिंदगीत बॉलले पाय लावला नसन. पन सुई तोंडात धरून सांगाचा, कोन कुठं उभा राह्यला पायजे होता, मॅनेजरनं काय चूक केली, कोनाले आनाचं, कोनाले हाकलाचं. आवाज असा का मैदानाच्या पल्याड ऐकू जाचा. लोक त्याचं ऐकाचे. मोठ्यानं बोलते त्याले समजत असन, असं लोकायले वाटतेच.

आमच्या इथं एक रिवाज होता, मुर्दा काढाचा. टीम हरली, का मॅनेजरनं काई उलटं केलं, का पोट्टे बांबूची तिरडी बांधाचे आन् त्याच्या दारात नेऊन ठेवाचे. ज्याची तिरडी त्यानं मुकाट्यानं तिच्यावर निजाचं. मग हासत, खोटं खोटं रडत त्याले मैदानाच्या मंधात नेऊन ठेवाचे. तिथं मुर्द्यानं एक गोष्ट बोलाची. ती झाली का त्या दिवशी त्याले कोनीच उलटून बोलाचं नाई, भांडन खतम, सगळ्यायनं चहा प्याचा. टिकारामची काढली तवा तो म्हने, "पुढच्या जन्मी मले गोलचा खांब करा रे, हलाचं काम नाई." लोक पोट धरून हासले. मुर्द्यानं हासवाचं असतेच.

पासष्ट सालची गोष्ट. थंडीचे दिवस, टूर्नामेंट चालू. आमचा सेंटर फॉरवर्ड होता तेजराम, डेपोतच बांबू भरे. उंच, काळा, हासरा. फाल्गुनात त्याचं लगन ठरलं होतं. सेमीफायनलच्या दिवशी दुलीचंदनं त्यालेच बाहेर बसवलं. कसेबसे एका गोलनं जिंकलो, पन वार्ड पेटला. फायनल खदानीसंगं होती, आन् खदानीचा साहेब तेजरामले पाहाले येनार हे सगळ्यायले मालूम होतं.

"खदानवाल्यायनं आपल्या मॅनेजरलेच फोडलं," डोमाजी बाकड्यावर उभा राहून म्हने. "तेजराम बाहेर, म्हंजे कप त्याइचा. सरळ गोष्ट आहे."

त्या दुपारी दुलीचंद भट्टीच्या मांगच्या बाजूनं आला आन् माह्याजवळ खाली बसला. मी म्हनलं, "काय केलं भाऊ तू? मारतीन ना तुले."

"शांताबाई, तो मरन," तो म्हने.

"कोन?"

"तेजराम. प्रॅक्टिसनंतर बांबूच्या थप्पीमांगं बसते तो. मी डोयानं पाह्यलं, एकदा नाई, तीन खेपा. ओठ जांभळे पडते, मानेची शीर उडते, श्वासच पुरत नाई त्याले. मी इचारलं तं पाय धरले माहे. म्हने, कोनाले सांगू नको, लगन मोडन, खदानीतली नोकरी जाईन."

माह्या हातातलं भांडं तसंच राह्यलं. माहा नवरा असाच गेलता, पान्याचा हंडा उचलता उचलता. मले खरंच भेव वाटलं. मी म्हनलं, "मंग सांगून टाक सगळ्यायले."

"मी बोललो का डोमाजी बोलते, मंग सगळे बोलते. माहा आवाजच निंगत नाई बाई."

मी उठली आन् सरळ डोमाजीच्या दुकानात गेली. सांगतलं सगळं. त्यानं कैची थांबवलीही नाई. म्हने, "दुलीचंदनं पाठवलं तुले? तेजराम एका हातानं बांबूचा भारा उचलते, त्याले काय होते? तू चहा पाह्य, शांताबाई. फुटबॉल आम्ही पाहू." माह्या अंगाची अशी आग झाली का बस. पन काय करतं? तेजरामले गाठलं तं तो मोठमोठ्यानं हासला आन् म्हने, "मावशी, दुलीचंद काकाजी आपल्या सावलीलेही भेते, तुले मालूम नाई का?" हासला खरं, पन माह्या डोयाले डोया नाई भिडवला.

फायनलच्या आदल्या दिवशी तिरडी निंगाली. दुलीचंदच्या दारात ठेवली तं मले वाटलं, हा घरातून बाहेरच येनार नाई. पन आला. निजला. डोये उघडे ठेवून निजला, हात छातीवर. पोट्टे नाचत होते, कोनी झेंडूच्या माळा टाकल्या, कोनी डोकं बडवून रडाचं सोंग करत होता. मी संगं चालत होती. तिरडीवरून तो हळूच म्हने, "बाई, हे बरं झालं. आता मी बोलन तं कोनाले उलटून बोलता येनार नाई."

तवा समजलं मले, हा काहून निजला ते.

मैदानाच्या मंधात ठेवलं. सगळे हासाच्या तयारीनं जवळ सरकले. दुलीचंद उठून बसला. आवाज फाटलेला, पन निंगाला. म्हने, "तेजरामच्या छातीत बिमारी आहे. त्याले खेळवसान तं तो मैदानात मरन. मी मॅनेजरी सोडतो, कप जाऊ द्या, पन त्याले खेळवू नका."

आन् मग टिकाराम हासला. त्याच्यामांगं सगळेच हासले. असे हासले का काई जन खालीच बसले. मुर्दा बोलला ना, म्हंजे गंमतच असन. भेकडानं जाता जाताही भेवाचीच गोष्ट सांगतली, असं त्याइले वाटलं. डोमाजीनं डोये पुसले आन् म्हने, "वा राजा, इतका मस्त मुर्दा वार्डानं पाह्यला नाई." तेजराम त्याइच्यातच उभा होता. त्यानं शर्ट काढलं आन् मैदानाले पुरा एक चक्कर पळून दाखवला. लोकायनं टाळ्या वाजवल्या. दुलीचंद तिरडीवर तसाच बसून त्याची पावलं मोजत असल्यावानी पाहत होता. त्या दिवशीचा चहा मी कोनाले देल्ला नाई, भट्टी विझवून टाकली. तिथंच्या तिथं नवा मॅनेजर ठरला, डोमाजी.

दुसऱ्या दिवशी मैदानात पाय ठेवाले जागा नव्हती. बिरशापासून लोक बैलगाड्या घेऊन आले होते. खदानीचा साहेब खुर्चीवर. दुलीचंद माह्या हाटेलाच्या खांबाले धरून उभा. बॉल कुठं आहे, गोल कोनी केला, काई पाहे ना. नुसता तेजरामकडं पाहे. मीही तेच करत होती. पह्यल्या हाफमंधी त्यानं एक गोल केला. लोक नाचले. नाचनाऱ्यायच्या मंधातून मले दिसलं, तो वाकून गुडघ्यावर हात ठेवून उभा होता, आन् उठतच नव्हता.

"पाह्यलं?" दुलीचंद म्हने.

"हौ."

दुसऱ्या हाफमंधी खदानीनं गोल फेडला. डोमाजी लाइनीवरून ओरडत होता, "तेजराम, पळ, साहेब पाहून राह्यला." तेजराम पळला. गोलच्या खांबाजवळ गेला आन् त्यानं खांब धरला. ओठ मले इतक्या दुरून दिसले नाई, पन त्यानं तोंड वर केलं होतं, हवा शोधत असल्यावानी. मंग खांब सोडला आन् पुन्हा बॉलमांगं निंगाला.

बाजूले पाह्यलं तं दुलीचंद नाई. कुत्र्याले भेनारा मानूस, भर मॅचमंधी, धोतर सावरत मैदानात घुसला होता. अडखळला, पडला, उठला. बॉल लामत्याहून आनलेल्या आमच्या लंबूच्या पायात होता, त्याच्या पायातून यानं हातानंच उचलला, पोटाशी धरला आन् पालथा पडला.

काय सांगू. दोन्हीकडचे खेळनारे धावले. कोनी त्याले ओढते, कोनी कमरेत लाथ मारते. रेफरी शिट्टी वाजवून राह्यला, कोनी ऐकत नाई. लोक दोऱ्या तोडून आत आले. मी झारा हातात घेऊन धावली, रस्त्यात कोनाले लागला असन, माफी नाई मागत. पोचली तवा दुलीचंदच्या नाकातून रगत येत होतं, पन बॉल सुटला नव्हता.

तेजराम गर्दी सारून आला. त्याच्या डोयात पानी होतं रागाचं. त्यानं दुलीचंदच्या बंडीले धरून त्याले पलटवलं आन् म्हने, "काहून काकाजी? माही जिंदगी होती ना ती. काहून केलं तुमी?"

दुलीचंद त्याच्याकडं पाहून म्हने, "मले भेव लागून राह्यलं रे तेजराम. लय भेव लागून राह्यलं."

तेजरामनं बंडी सोडली नाई. इतका वेळ नाई सोडली का मले वाटलं, आता हा मारते. मंग तो खाली बसला, त्याच्याजवळच, गवतावर.

"मलेही," तो म्हने.

असं म्हनून तो रडाले लागला, लहान लेकरावानी, आन् रडता रडता त्याचा श्वास अटकाले लागला. मी आन् दुलीचंदनं त्याले धरून हाटेलात आनलं. समोरच्या उघड्या बाजूले मी पडद्याचं फडकं सोडलं. बाहेर लोक टिनावर गोटे मारत होते. "मॅनेजरले बाहेर काढा," ओरडत होते. तेजराम बाकड्यावर, भिताडाले टेकून, ओठ काळेनिळे. दुलीचंद त्याच्या पायातले बूट सोडवत होता, पन गाठ सुटत नव्हती, तं दातानं ओढत होता.

तेवढ्यात फडकं फाडून डोमाजी आत आला. हातात लाइनीचा झेंडा, त्याचा बांबू वर उचललेला. "कुठं आहे तो हरामखोर," म्हनून सुरुवात केली, आन् तेजरामचं तोंड पाहून तिथंच राह्यला.

तेजरामले बोलता येत नव्हतं. त्यानं डोमाजीचा मोकळा हात धरला आन् आपल्या छातीवर ठेवला.

डोमाजीनं बांबू खाली टाकला. बाहेर लोक त्याच्याच नावानं हाका मारत होते, तो वळून पाहे ना. तळहात छातीवर दाबून, मान खाली घालून तो ऐकत असल्यावानी उभा होता. त्याच्या कपाळावर घाम आला.

मी म्हनलं, "डोमाजी, हात काढ, त्याले पानी पाजाचं आहे."

तो माह्याकडं पाहून हळू आवाजात म्हने, "काढू कसा शांताबाई? मले भेव वाटून राह्यलं, मी हात काढन तं हे बंद पडन."