चाचांचा कडुनिंब

पृथ्वी तापवल्याचा खटला कधी उभा राहिलाच, तर अख्ख्या अकोल्यातून एकच माणूस निर्दोष सुटेल: आमच्या शेजारचे गादीवाले चाचा. वास्तविक कॉलेजात पर्यावरण शिकवतो मी. 'कार्बन फूटप्रिंट कमी करा' अशी भाषणं गावोगाव ठोकतो मी, आणि तीही गाडीत एसी लावून जाऊन. चाचांनी तो शब्द उभ्या जन्मात ऐकलेला नाही. गिऱ्हाईक पंचवीसेक किलोमीटरवरच्या बाळापूरचं असलं तरी गादी सायकलला बांधून निघतात; मागून पाहणाऱ्याला वाटावं, गादीच एकटी निघाली आहे. त्यांचा सदरा फाटला की उशीचा अभ्रा होतो, अभ्रा विरला की फडकं, आणि फडक्याच्या चिंध्या झाल्या की त्या चिंध्यांनी सायकलची चेन पुसतात. कुणाच्याही घरात शिरले की माणसांआधी नजर छताकडे. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला, तर आधी बटण बंद, मग सलाम. माझ्या पुतणीच्या लग्नात तर भर दुपारी मांडवातले दिवे जळताना पाहून त्यांनी मेन स्विचच पाडला. मंगलाष्टकांच्या ऐन मध्यात भटजींचा माईक गेला, व्हिडिओवाला बोंबलला, आणि चाचा उलट आम्हालाच झापत होते, "येवढं ऊन पडून राहिलं, अन् दिवे कोनाले दावता?"

अशा माणसाचं झाड मी तोडायला लावलं. कडुनिंब त्यांच्या अंगणात, माझ्या भिंतीला लागून. चाचांची खोली पत्र्याची. चैत्र लागला की आत बसणं म्हणजे तव्यावर बसणं. म्हणून उन्हाळाभर त्यांचा सगळा धंदा त्या झाडाखाली चालायचा. मी गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसवल्या, आणि सकाळी अकरापर्यंत त्यांच्यावर निंबाची सावली पडायला लागली. झालं! वहीत आकृती काढून मी चाचांना अर्धा तास समजावलं, की झाडापेक्षा प्लेटांनीच पृथ्वीचं जास्त भलं होतं. सुई हातात धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दुनियेचं भलं होत असन, तं मी कोन नाही म्हननार? तोडा सर."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. ते मला तेव्हाच दिसलं होतं. खोटं कशाला बोलू?

प्लेटा झक्क चालल्या. वीज आता घरचीच, म्हणून मी दुसरा एसीही घेतला. लिहिताना लाज वाटते. त्या उन्हाळ्यात चाचांना हाताला धरून घरात आणलं. "इथंच शिवा," म्हटलं. पाच मिनिटं अंग चोरून बसले, आणि "तुमच्या सोफ्यावर कापूस उडन," म्हणून उठून गेले.

आता भर दुपारी माझ्या भिंतीची हातभर सावली त्यांच्या अंगणात पडते. तीत बसून ते शिवतात. सावली वाढेल तशी गादी उलगडत जातात. एसीचं बाहेरचं यंत्र नेमकं त्याच भिंतीवर, त्यांच्या तोंडावर गरम वारा सोडत. परवा मला ते पाहवेना. मी मुकाट्याने एसी बंद केला.

दोन मिनिटांत खिडकीखालून हाक आली. "सर, लाइन गेली का? आत काहून उकडून राहिले? या इकडं, सावलीत बसा."

मी गेलो. सावली जेमतेम एका माणसापुरती होती. चाचा सरकून उन्हात बसले आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हाताने थोपटून म्हणाले, "बसा."

मी बसलो. नको म्हणायला मला तोंडच उरलं नव्हतं.