माळावरची सुरुंगाची पाटी

मंडळी, आज डोकं फिरलंय. इथं कुवेतमध्ये युद्ध संपून वर्ष झालं नाही, आणि लोकांचे धंदे बघा.

सुट्टी होती म्हणून अबू फहादबरोबर त्याचा ससाणा उडवायला सुलैबिया वस्तीच्या पलीकडे गेलो होतो. अबू फहाद म्हणजे आमच्या एक्स-रे विभागातला कुवेती सहकारी. नेहमीच्या माळावर आज लाल पाटी दिसली: ‘धोका, सुरुंग’. आम्ही निमूट गाडी वळवली.

तेवढ्यात पाटीच्या मागूनच एक जीप बाहेर आली. त्यात बंदी असलेली जाळी आणि मेलेल्या पक्ष्यांचा ढीग. “आत सुरुंग आहेत ना?” अबू फहादनं विचारलं.

जीपवाला हसला. “पाटी मीच लावली. नाहीतर सगळे शिकारी इथेच घुसतात.”

अरे, सरकारी माळ तुझ्या बापाचा आहे का? सुरुंगावर पाय पडलेल्या माणसांचे एक्स-रे काढतो मी! उद्या खरी पाटी बघूनही लोक म्हणतील, कुणा शिकाऱ्यानंच लावली असेल.

अबू फहाद पाटी उपटायला निघाला. मीच त्याचा हात धरला. पाटी खोटी असेल, पण ती जमीन कुणी तपासलीय?

पाटी अजून तिथेच आहे, आणि माळ त्या जीपवाल्याचा झालाय. तुम्ही उपटली असती?