सहा पटीचे भिंग

वाळवलेल्या वनस्पती जाड कागदांवर चिकटवून जेथे कपाटांत जपून ठेवल्या जात, अशा एका संस्थेच्या तळमजल्यावर अगदी शेवटची एक खोली होती. त्या खोलीत एक गृहस्थ एकतीस वर्षे छायाचित्रे काढीत होते. दिवसातील निम्मा वेळ त्यांचे डोके काळ्या कापडाखाली असे, म्हणून शिपायापासून मुख्य बाईंपर्यंत सर्व जण त्यांना काळोखमामा म्हणत. मामांनाही त्या नावाचे वाईट वाटत नसे. "उजेडात राहून कोणाचं भलं झालंय?" असे ते उलट विचारीत.

त्यांचा कॅमेरा खिशात मावणारा नव्हता. तो लाकडी होता, लहानशा ट्रंकेएवढा, मध्ये कातडी भाता असलेला. त्याच्या पाठीमागे एक काच बसविलेली होती, आणि ती आतल्या बाजूने घासून खरखरीत केलेली होती. समोरच्या कागदावरील वनस्पतीची प्रतिमा त्या खरखरीत बाजूवर उलटी पडे. मामा डोक्यावर कापड घेत, काचेवर हातातले लहान भिंग टेकवीत, त्यातून पाहत आणि प्रतिमा रेखीव होईपर्यंत भाता मागेपुढे सरकवीत. मग काचेच्या जागी फिल्म येई. डोळ्याने जे पारखले तेच फिल्मवर उतरे, कमी नाही आणि जास्त नाही.

पुष्कळांना वाटते की दाबून वाळवलेली वनस्पती सपाट असते, म्हणून एकदा माप जुळविले की काम झाले. तसे नाही. एखादीची कळी वर आलेली असते, एखादीचे देठ जाड असते. प्रत्येक कागदाला नवे माप लागते. मामा त्या वाळक्या रोपट्यांशी बोलत. "सरळ उभी राहा ग बाई, कंबर किती मोडतेस," असे ते एखाद्या वेलीला सांगत, आणि बाहेरून जाणाऱ्यांना वाटे की आत कोणी पाहुणी आली आहे.

अशा माणसाला एके दिवशी मुख्य बाईंनी आपल्या खोलीत बोलावले. बाई वयाने मामांहून वीस वर्षांनी लहान होत्या, पण बोलताना त्या उठून उभ्या राहिल्या. त्यावरूनच मामांनी ओळखले की गोष्ट बरी नाही.

"मामा, मागच्या तीन खेपांची छायाचित्रं परत आली आहेत. पानांच्या शिरा मोजता येत नाहीत म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"ज्यांनी मागवली होती ते सगळेच. आणि मीही पाहिली मामा. खरंच येत नाहीत."

मामांनी खिशातले भिंग काढून बोटाने पुसले. मग म्हणाले, "भिंग जुनं झालंय. ओरखडे पडलेत त्यावर."

ते खोटे नव्हते. भिंगावर ओरखडे होतेच. बाईंना ते उत्तर ऐकून हायसे वाटले असावे, कारण त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या. त्यांनी सांगितले की मामांनी स्वतः पारखून हवे ते भिंग निवडावे, संस्था ते घेईल. नंतर मामांनी दहा कागदांची छायाचित्रे काढावी. ती स्वच्छ आली तर कॅमेरा मामांकडेच राहील. न आली तर सर्व संग्रह छायाचित्रे काढणाऱ्या बाहेरच्या यंत्राकडे जाईल, आणि मामांना चिठ्ठ्या चिकटविण्याच्या खोलीत बसावे लागेल.

"माझ्या हातात नाही हो हे," बाई म्हणाल्या.

"तुमच्या हातात कशाला? माझ्याच हातात आहे," मामा म्हणाले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मामांचा डावा डोळा लहानपणी लागलेल्या माराने नावापुरताच उरला होता. सगळी भिस्त उजव्यावर. संस्थेत दर वर्षी डोळ्यांची तपासणी होई, आणि भिंतीवरील अक्षरांचा तक्ता कित्येक वर्षांत बदलला नव्हता. मामांना तो वरपासून खालपर्यंत पाठ होता. गेल्या दोन तपासण्यांत त्यांनी तो न पाहताच म्हणून दाखविला होता, आणि तपासणाऱ्याने त्यांची पाठ थोपटली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे मामांनी तेव्हा मनाशी म्हटले होते.

घरी मात्र मूठ तितकी झाकलेली नव्हती. भिंगाची हकीकत ऐकून मामी हातातले काम थांबवून म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं. शर्टाचं बटण लावायला मला हाक मारता, आणि म्हणे भिंग खराब!"

"अगं, बटण लावणं हे काय पुरुषाच्या नजरेचं काम आहे?"

"मग पानांच्या शिरा मोजणं आहे वाटतं! अहो, एकदा डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन या. मी येते सोबत."

"दहा कागद होऊ देत. मग जाऊ."

मामींनी हातातले काम पुन्हा सुरू केले. पण त्या दिवसापासून मामांची वर्तमानपत्राची घडी टेबलावर तशीच पडून राहते, हे त्या पाहू लागल्या.

भिंग निवडण्यासाठी मामा आपल्या मित्राकडे गेले. हा मित्र घड्याळे दुरुस्त करी, आणि त्याला सर्व जण घड्याळजी म्हणत. घड्याळजींची दृष्टी जवळची फार तीक्ष्ण होती. लांबचे त्यांना काही दिसत नसे, पण नाकापुढच्या वस्तूसाठी ते चष्मा कपाळावर चढवीत आणि केसाएवढा स्क्रू चिमट्याने उचलीत. मामांनी संस्थेतून जुनी सुटी खरखरीत काच कापडात गुंडाळून आणली होती. घड्याळजींनी ती दिव्यासमोर उभी केली, खणातून तीन भिंगे काढली आणि म्हणाले, "घे. नवरी बघायला आल्यासारखा बसलायस. बघ आता."

पहिले भिंग घड्याळजींचे स्वतःचे, दहा पटीचे होते. मामांनी ते काचेला टेकविले आणि लगेच खाली ठेवले. "यात नुसती वाळू दिसते." हे त्यांनी अनुभवावरून सांगितले, आणि बरोबर सांगितले. भिंग फार मोठे करून दाखवू लागले की काचेचा खरखरीतपणाच डोळ्यांपुढे येतो आणि प्रतिमा त्यात हरवते.

दुसरे कापडाचे धागे मोजण्याचे, घडीचे भिंग होते. ते चार पटीचे होते, पण त्याची उंची ठरलेली, डोळ्याप्रमाणे बदलता न येणारी. शिवाय त्याचे पाय रुंद असल्यामुळे ते काचेच्या कोपऱ्यात, चौकटीजवळ बसत नसे. "कोपऱ्यातच तर मुळं असतात," मामा म्हणाले.

तिसरे सहा पटीचे होते. त्याची नळी लांब होती, त्यामुळे कापडाखाली नाक काचेवर घासत नसे. वरच्या अंगाला फिरणारी एक कडी होती. ती फिरवून प्रत्येकाने भिंग आपल्या डोळ्याला जुळवून घ्यायचे, काचेची खरखर अगदी रेखीव दिसेपर्यंत. खालचा भाग पारदर्शक होता आणि त्यातून नको तो उजेड आत येई. मामांनी त्याच्याभोवती काळा कागद गुंडाळला. एकतीस वर्षांच्या कामाने जे शिकविले होते ते सर्व त्यांनी या निवडीत वापरले, आणि निवड अचूक झाली. यात कोणी खोट काढू शकणार नाही.

राहिली ती कडी. मामांनी ती फिरविली. एकदा, दोनदा, पुन्हा उलट.

"किती पिळतोस? आण इकडे," घड्याळजींनी भिंग त्यांच्या हातातून घेतले. चष्मा कपाळावर चढविला, काचेवर टेकविले, कडी जराशी हलविली. "हं. वाळूचा कण नि कण दिसतोय. बघ."

मामांनी पाहिले. त्यांना करड्या रंगाचे काहीतरी दिसले.

"दिसतंय?"

"दिसतंय की."

तेव्हा घड्याळजींनी, स्क्रू सैल होऊ नये म्हणून घड्याळवाले करतात तसे, कडीच्या खाचेत लाखेचा एक थेंब सोडला. "आता भूकंप झाला तरी हलायची नाही," ते समाधानाने म्हणाले. मामांना ठाऊक होते की ही कडी ज्याच्या त्याच्या डोळ्याला लावायची असते. हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. पण ते बोलायचे तर "मला तुझ्यासारखं दिसत नाही" असे म्हणावे लागले असते. दुकानातला दिवाच मंद असावा, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि भिंग खिशात ठेवले.

दहा कागदांना त्यांनी तीन दिवस घेतले. पूर्वी एवढे काम ते एका सकाळी संपवीत. दोन्ही बाजूंचे दिवे मोजून ठेवले, कागद ओळंब्यात लावले, भाता केसभर मागे, केसभर पुढे केला. एका नेच्याच्या पानाला ते कापडाखालून म्हणाले, "आज जरा नीट दिस ग. एवढा एकच दिवस." फिल्म त्यांनी अंधारखोलीत स्वतः धुतल्या, वाळविल्या आणि बाईंच्या, खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर ओळीने मांडल्या.

बाई पहिल्या फिल्मवर वाकल्या. दुसरीवर वाकल्या. पाचवीनंतर त्यांनी पुढच्या पाहिल्या नाहीत.

"मामा, यातही शिरा नाहीत हो."

मामांनी खिशातून नवे भिंग काढून दिले. "यातून बघा."

बाईंनी ते डोळ्याला लावले. "हे मला धूसर दिसतंय. ही कडी फिरत नाही का?" त्यांनी नखाने खाच चाचपली. "इथे काहीतरी लावून घट्ट केलंय. कोणी केलं हे?"

मामा उत्तर देण्यापूर्वीच बाईंचा चेहरा उजळला असावा, कारण त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "अहो, मग हेच कारण! भिंगच तुमच्या डोळ्याला जुळवलेलं नाही. चुकीचं जुळवलेलं भिंग घेऊन काम केलंत तुम्ही. मामा, मी आठ दिवस थांबते. ही कडी सोडवा आणि पुन्हा दहा काढा. वरच्यांना काय सांगायचं ते मी बघते."

अशी संधी मागूनही मिळत नाही. मामा जवळजवळ धावतच आपल्या खोलीत गेले. त्यांनी पातळ पात्याने लाख खरवडली. कडी सुटली आणि लोण्यासारखी फिरू लागली. त्यांनी कॅमेऱ्यासमोर नवा कागद लावला, दिवे पेटविले, कापड डोक्यावर घेतले आणि भिंग काचेला टेकवून कडी अगदी एका टोकाला नेली. तेथून ती हळूहळू फिरवीत आणली. दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी खरखर उमटलीच पाहिजे. ज्याला डोळा आहे त्याला ती उमटतेच.

कडी दुसऱ्या टोकाला जाऊन थांबली.

त्यांनी ती परत फिरविली. कडेकडेला खरखर दिसत होती, बारीक आणि स्पष्ट. मध्यभागी, जेथे पाहावे नेमके तेथे, राखेसारखा एक डाग होता. नजर सरकविली की डागही सरके. कडी कोठेही असो, डाग तेवढाच राही. मामांनी हे सात वेळा करून पाहिले. नंतर दिवे विझविले, पण कापडाखालून ते लगेच बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घड्याळजींकडे गेले. घड्याळजींनी दारातच विचारले, "काय रे, लागला का निकाल?"

"लागला. नाही आली छायाचित्रं." मामांनी आत येऊन बसत भिंग टेबलावर ठेवले. "तुझी लाख मी खरवडून काढली."

घड्याळजींनी भिंग उचलले, कडी फिरवून पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! मी माझा डोळा लावला त्याला! चष्मा काढून! माझा डोळा म्हणजे काय, नाकापुढे वीतभर. अरे, मग चूक माझी आहे, तुझी नाही! ऊठ. उद्या सकाळी मी येतो तुझ्याबरोबर. बाईंच्या पाया पडतो. म्हणतो, या गाढवाने माझ्या मित्राचं वाटोळं केलं, त्याला आणखी एकदा काढू द्या."

"बाईंनी आपण होऊन दिले होते आठ दिवस."

"मग? इथे काय बसलायस?"

"मी आज त्यांना सांगून आलो की भिंगात दोष नाही. कॅमेऱ्याच्या खोलीची किल्लीही दिली."

"वेडा आहेस का तू? चूक माझी असताना..."

"मी कडी पूर्ण फिरवून पाहिली रे," मामा म्हणाले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. सात वेळा."

घड्याळजींनी हातातले भिंग हळूच खाली ठेवले. भिंतीवरची घड्याळे आपापल्या वेळा दाखवीत चालली होती. मग त्यांनी विचारले, "कधीपासून?"

"दोन वर्षं तरी झाली असतील."

"म्हणजे त्या दिवशी तू मला 'दिसतंय' म्हणालास, तेव्हा..."

"तेव्हाही."

"डॉक्टर?"

"आज दुपारी तुझ्या वहिनीला घेऊन जाऊन आलो. तो म्हणाला, गेलं ते परत यायचं नाही. कडेचं राहील, मधलं जाईल. चष्म्याने होणार नाही. ती वाटभर माझा हात धरून चालली. लग्नानंतर पहिल्यांदाच असा हात धरला तिने रस्त्यात."

हे मामा थट्टेच्या सुरात बोलले, पण घड्याळजींकडून हसण्याचा आवाज आला नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी समोर अगदी जवळ येऊन बसल्याचे मामांना जाणवले. त्यांनी मान वर करून मित्राकडे पाहिले. त्यांना मित्राचे दोन्ही कान दिसले, सदऱ्याची कॉलर दिसली, कपाळावर चढविलेल्या चष्म्याची एक दांडी दिसली. तोंड असते त्या जागी राख होती. मित्राला काय वाटते आहे हे आता त्याच्या आवाजावरूनच ओळखायचे होते, आणि मित्र तर काहीच बोलत नव्हता.